कूतचे युद्धकैदी : बंदिवास, परतीची वाट आणि स्मरण

२९ एप्रिल १९१६ रोजी तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कूत-अल-अमारा या गावी ब्रिटिश हिंदी फौजेच्या सहाव्या डिव्हिजनने तुर्की सैन्यापुढे शस्त्रे खाली ठेवली. सुमारे पाच महिने चाललेला वेढा त्या दिवशी संपला आणि सुमारे १३ हजार माणसे एकाच वेळी युद्धकैदी झाली. त्यांतले बहुसंख्य हिंदी होते. या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर पंजाबी, रजपूत, गुरखा आणि इंग्रज पलटणी होत्या. लढणाऱ्या शिपायांखेरीज भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी, झाडूवाले असे तीन हजारांहून अधिक हिंदी नोकरही पकडले गेले. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहिले तर सातारा, रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर या मुलुखांतली इतकी माणसे परक्या देशात एकदम बंदिवान झाल्याची घटना अर्वाचीन इतिहासात विरळच. असे असूनही महाराष्ट्राच्या सार्वजनिक आठवणीत कूतला जवळजवळ जागा नाही.

याचे एक कारण युद्धकैद्याच्या स्थितीतच आहे. लढाईत पडलेल्याचे नाव दगडावर कोरले जाते आणि जिंकून आलेल्याच्या छातीवर पदक लागते. कैदी झालेला शिपाई या दोन्ही रिवाजांच्या बाहेर राहतो. तो मेला की जिवंत आहे हे घरच्यांना महिनोन्‌महिने कळत नाही, पलटणीच्या हजेरीपटावरून त्याचे नाव निघते, त्याची जागा नवा रंगरूट घेतो, आणि तो परत येतो तेव्हा युद्धाच्या बातम्या शिळ्या झालेल्या असतात. कूतच्या हिंदी कैद्यांच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडली. त्यांची कहाणी लिहून ठेवण्याची साधने त्यांच्या हाती नव्हती, आणि ज्यांच्या हाती होती त्यांनी मुख्यतः आपल्या माणसांची कहाणी लिहिली. म्हणून या विषयाकडे वळताना लढाईच्या डावपेचांहून अधिक लक्ष कागदांकडे, नोंदींकडे आणि नावांकडे द्यावे लागते.

मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली, मोहीम सुरू झाली ती इराणच्या आखातातल्या तेलासाठी. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदुस्थानातून गेलेली फौज फाओ येथे उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि तिथवर येणारी नळवाहिनी सुरक्षित ठेवणे एवढाच मूळ हेतू होता. पण एप्रिल १९१५ मध्ये मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्याकडे पूना डिव्हिजनची सूत्रे आली आणि एकामागून एक विजय मिळत गेले. जूनमध्ये अमारा पडले, सप्टेंबरअखेर कूत पडले. बगदाद आता हाताशी आल्यासारखे वाटू लागले. मोहीम आखणाऱ्यांना नदीच्या वरच्या बाजूला सैन्य नेता येत होते. मात्र तेवढ्या अंतरावर त्याला अन्न, औषध आणि बोटी पुरवता येत नव्हत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे, बगदादपासून जेमतेम एका दिवसाच्या कूचावर, तुर्की सैन्याने डिव्हिजनला अडवले. चार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून, खडबडीत वाटेने नदीपर्यंत नेण्यात आले. उरलेले सैन्य लढत मागे हटले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कूतमध्ये शिरले. ७ डिसेंबरला वेढा पडला.

वेढ्याच्या पहिल्या महिन्यात लढाई होती. २४ डिसेंबरला तुर्कांनी कूतच्या मातीच्या किल्ल्यावर मोठा हल्ला चढवला, तो परतवणाऱ्यांत १०३ व्या मराठा पलटणीचे शिपाई होते. पुढच्या महिन्यांत मात्र शत्रू म्हणजे भूक. बाहेरून सुटकेसाठी आलेल्या फौजेने हन्ना, दुजैला, सन्नैयात येथे वारंवार हल्ले केले. त्यांत सुमारे २३ हजार माणसे मेली वा जखमी झाली, म्हणजे ज्यांना सोडवायचे होते त्यांच्याहून कितीतरी अधिक. वेढ्यातल्या लोकांचा शिधा आठवड्याआठवड्याने कमी होत गेला आणि एप्रिलमध्ये तो माणशी चार-पाच औंस पिठावर आला. विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. वेढलेल्या फौजेला हवेतून रसद पुरवण्याचा जगाच्या इतिहासातला हा पहिला प्रयत्न मानला जातो. पण त्या काळच्या विमानांना झेपेल तेवढ्या ओझ्यात एवढ्या माणसांचे पोट भरणे शक्य नव्हते.

या भुकेच्या काळातला एक प्रसंग थांबून पाहण्यासारखा आहे, कारण घरी परतण्याची चिंता कैद होण्याच्याही आधीपासून या शिपायांच्या मनात कशी होती ते त्यातून दिसते. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापून त्यांचे मांस वाटण्यास सुरुवात झाली. इंग्रज शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी महिनोन्‌महिने नकार दिला. भाजीपाला नाही, मांस नाही, यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरली; हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुसलमान धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवून त्या पलटणींना वाचून दाखवण्यात आल्या. तरीही अनेकांचे मन होईना. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलेले कारण धर्मग्रंथातले नव्हते. गावी परत गेल्यावर लोक काय म्हणतील, जातीत घेतील का, मुलींची लग्ने जमतील का, अशी त्यांची काळजी होती. मृत्यू समोर दिसत असताना ही माणसे परतल्यानंतरच्या आयुष्याचा हिशेब करीत होती. ब्रिटिश लेखकांनी या नकाराचे वर्णन बहुधा हटवादीपणा म्हणून केले आहे. गावकीच्या जोरावर ज्यांचे सारे जगणे उभे होते, त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यात घराची ओढ दिसते. अखेर एप्रिलमध्ये बहुतेकांनी ते मांस खाल्ले, पण तोवर शरीरे पोखरली गेली होती. शरणागतीनंतर सुरू झालेल्या पायपिटीत जे पहिल्यांदा कोसळले त्यांच्या मृत्यूचे मूळ या उपासमारीत होते.

शरणागती टाळण्यासाठी ब्रिटिशांनी तुर्कांना दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ केले. वाटाघाटीसाठी गेलेल्यांत पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्सही होता. तुर्की सरकारने पैसे नाकारले. आजारी आणि जखमींपैकी हजाराहून अधिक माणसांची अदलाबदल झाली आणि ती बसऱ्याकडे गेली. ही त्या फौजेतली नशीबवान माणसे. टाउनशेंड यांना सन्मानाने इस्तंबूलजवळच्या एका बेटावर नेऊन ठेवण्यात आले. बाकीच्यांना कूतपासून काही मैल वर शुमरान येथील उघड्या तळावर नेले. तिथे त्यांना तुर्की सैन्याची जाडीभरडी, दगडासारखी टणक बिस्किटे मिळाली. उपासाने आतडी नाजूक झालेल्या माणसांनी ती नदीच्या पाण्यात भिजवून खाल्ली आणि हगवणीची साथ पसरली.

कैद्यांचे मग वर्ग पाडण्यात आले. अधिकारी वेगळे, शिपाई वेगळे. इंग्रज वेगळे, हिंदी वेगळे. हिंदींमध्ये मुसलमान वेगळे, कारण तुर्कस्तानचा सुलतान हा खलिफा होता आणि मुसलमान शिपायांना आपल्या बाजूला वळवण्याची तुर्कांना आशा होती. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. एकाच पलटणीत, एकाच खंदकात राहिलेली माणसे इथे पहिल्यांदा धर्माच्या नावाने दूर केली गेली. अधिकाऱ्यांना बोटीने नेले. शिपाई आणि नोकर मे महिन्याच्या उन्हात बगदादच्या दिशेने चालू लागले.

कूत ते बगदाद सुमारे १६० किलोमीटर. बगदादहून सामर्‍यापर्यंत आगगाडी होती. तिथून पुढे पुन्हा पायी: तिक्रित, मोसुल, नुसैबीन आणि शेवटी रास-अल-ऐन, जिथे पश्चिमेकडून येणारा लोहमार्ग संपत होता. हे सारे अंतर शेकडो किलोमीटरांचे, वाळवंटातले, ऐन उन्हाळ्यातले. पहारेकऱ्यांनी अनेकांचे बूट, कांबळी, पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. ज्यांच्याकडे काही उरले होते त्यांनी ते भाकरीसाठी विकले. अनवाणी पायांना चिंध्या बांधून माणसे चालत होती. जो पडला त्याला उचलण्याची सोय नव्हती. वाटेतल्या गावांच्या कडेला, पडक्या भिंतींच्या सावलीत आजारी कैदी मागे ठेवले जात आणि त्यांतले थोडेच पुन्हा दिसत. बगदादमधील अमेरिकी वकिलातीने काही अन्न आणि औषधे पुरवली. त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती, त्यामुळे अशी मदत शक्य झाली.

ही वाट आणखी एका संहाराच्या खुणांवरून जात होती. आर्मेनियन लोकांची हकालपट्टी आणि कत्तल याच प्रदेशात चालू होती आणि रास-अल-ऐन हे तिच्या ठिकाणांपैकी एक होते. ओस पडलेली गावे, प्रेतांनी भरलेल्या विहिरी, रस्त्यावर भटकणारी पोरकी मुले या कैद्यांनी पाहिली. त्यामुळे हिंदी युद्धकैद्यांच्या आठवणींना त्यांच्या स्वतःच्या हालअपेष्टांपलीकडे एक मोल आहे. विसाव्या शतकातल्या एका मोठ्या गुन्ह्याचे ते डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार होते.

रास-अल-ऐन येथे हिंदी कैद्यांना बगदाद रेल्वेच्या कामाला लावण्यात आले. ही रेल्वे जर्मन भांडवलाने आणि जर्मन अभियंत्यांच्या देखरेखीखाली बांधली जात होती. मातीचे भराव घालणे, खडी फोडणे, रूळ वाहून नेणे अशी कामे होती. १९०७ च्या हेग करारानुसार कैद्यांकडून काम करून घेता येत असे, पण त्या कामाचा लढाईशी संबंध नसावा, ते झेपेल इतकेच असावे आणि कैद्यांना पकडणाऱ्या सैन्याच्या शिपायांइतके तरी अन्न मिळावे, अशा अटी होत्या. सैन्याची वाहतूक करण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या लोहमार्गावर यातली एकही अट पाळली गेली नाही. उन्हाळ्यात होरपळणारे आणि हिवाळ्यात गोठणारे हे ठिकाण. हिवाळ्यात टायफसची साथ आली. इंग्रज शिपायांना पुढे अमानुस आणि टॉरस डोंगरांतल्या बोगद्यांच्या कामावर नेले. त्यांच्यातली मृत्युसंख्या भयंकर होती: सुमारे २,६०० पैकी १,७०० हून अधिक परत आले नाहीत. हिंदी कैद्यांपैकी अडीच ते तीन हजार मेले असे मानले जाते आणि त्यांतल्या मोठ्या भागाचा मृत्यू कुणी नोंदवलाच नाही. त्यांचा ‘माग लागला नाही’ एवढेच कागद सांगतात. हिंदी माणसे इंग्रजांच्या मानाने जास्त प्रमाणात जगली याचे कारण समकालीन अहवालांत उन्हाची सवय असे दिले आहे. ते पूर्ण खरे धरता येत नाही. ज्यांचा माग लागला नाही त्यांच्या मृत्यूचे ठिकाण आणि कारण ठाऊकच नसताना कोण कशामुळे तगले याबद्दल असा निर्वाळा देणे घाईचे आहे.

या बंदिवासाची जी वर्णने हाती आहेत त्यांचा तोल पाहणे आवश्यक ठरते. इंग्रज अधिकाऱ्यांनी युद्ध संपताच पुस्तके लिहिली. कूतमध्ये पूल बांधणाऱ्या तुकडीचे प्रमुख असलेले सँडीस, तोफखान्यातले माउस्ली, आणि प्लँचेटचे सोंग रचून योझगादच्या छावणीतल्या तुर्की कमांडंटला झुलवणारे ई. एच. जोन्स यांची पुस्तके इंग्रजीत खूप वाचली गेली. ती वाचनीय आहेत, पण त्यांत हिंदी शिपाई बहुधा समूह म्हणून येतो. हिंदी बाजूने आलेल्या मोठ्या लिखाणात दोन बंगाली पुस्तकांचे स्थान वेगळे आहे. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे सैन्यातले डॉक्टर १९१७ मध्ये रास-अल-ऐन येथे, कैद्यांवर उपचार करताना मरण पावले. त्यांच्या वृद्ध आजीने, मोक्षदा देवी यांनी, नातवाची पत्रे गुंफून ‘कल्याण-प्रदीप’ हा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. आजीने लिहिलेले युद्धकैद्याचे चरित्र हा प्रकार जगाच्या युद्धसाहित्यात दुर्मीळ आहे. दुसरे पुस्तक शिशिर प्रसाद सर्वाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’. बंगाल अँब्युलन्स कोअरमधला हा तरुण कूतमध्ये पकडला गेला, रास-अल-ऐन आणि पुढे हलब (अलेप्पो) येथील रुग्णालयांत त्याने काम केले. डायरी जप्त होईल या भीतीने त्याने तिची पाने फाडून बुटांत दडवली आणि पुढे संधी मिळताच ती पुन्हा उतरवून काढली. त्या बुटांतल्या पानांमुळे रास-अल-ऐनचे दिवस आज हिंदी माणसाच्या नजरेतून वाचता येतात.

सर्वाधिकारी शिकलेले होते; मराठा पलटणींतल्या बहुसंख्य शिपायांना लिहिता-वाचता येत नव्हते. पत्र लिहायचे तर दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, ते सेन्सॉरच्या हाताखालून जायचे, गावात पोचल्यावर मास्तर किंवा तलाठी ते वाचून दाखवायचा. अशा पत्रातून खुशालीपलीकडे काही सांगितले जाण्याची शक्यता थोडीच. या शांततेला एक विलक्षण अपवाद आहे तो जर्मनीत. पश्चिम आघाडीवर पकडलेल्या हिंदी शिपायांना बर्लिनजवळ व्ह्यून्सडॉर्फ येथे ‘अर्धचंद्र छावणी’त ठेवले होते. १९१५ ते १९१८ या काळात जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले. गोष्टी, गाणी, अंक, क्वचित घरची आठवण. त्या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आजही आहेत. उद्देश भाषांचा अभ्यास हा होता आणि बोलणाऱ्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य फारसे नव्हते. तरी शंभर वर्षांनंतर एका शिपायाचा श्वास आणि अडखळणे ऐकू येते. व्ह्यून्सडॉर्फजवळ झेऱ्हेन्सडॉर्फ येथे त्या छावणीत मेलेल्या दोनशेहून अधिक हिंदी शिपायांची दफनभूमीही आहे. तुर्कस्तानातल्या कैद्यांसाठी असे काही कुणी केले नाही.

३० ऑक्टोबर १९१८ रोजी मुद्रोस येथे तुर्कस्तानशी शस्त्रसंधी झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार सर्व दोस्त युद्धकैदी आणि अटकेतले आर्मेनियन लोक इस्तंबूल येथे गोळा करून बिनशर्त सोपवायचे होते. तुर्की कैदी मात्र दोस्तांच्या ताब्यातच राहणार होते. त्यांतले हजारो हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या छावण्यांत होते आणि त्यांना घरी जायला आणखी वेळ लागला. प्रत्यक्षात हिंदी कैदी अनातोलियापासून उत्तर सीरियापर्यंत विखुरले होते. रेल्वेच्या तळांवर, शेतांवर, रुग्णालयांत, गावांत चाकरीला असलेली माणसे शोधून गोळा करावी लागली. काही जण शस्त्रसंधीच्या आधीच हलबमध्ये घुसलेल्या ब्रिटिश फौजेला सापडले. बोटींनी इजिप्त, तिथून सुएझमार्गे मुंबई असा अनेकांचा प्रवास झाला. सुटलेल्या कैद्यांच्या जबान्या घेण्यात आल्या: कुठे पकडले, कसे वागवले, शत्रूला कुणी मदत केली का. अडीच वर्षे हाल सोसून आलेल्या माणसाला आपल्या निष्ठेचा जबाब द्यावा लागणे हे पुढच्या युद्धांतल्या कैद्यांच्याही वाट्याला आले.

मुंबई त्या वर्षांत जखमी शिपायांचे शहर झाली होती. फोर्टातील नव्या वस्तुसंग्रहालयाची इमारत, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, युद्धकाळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली जात होती. अपंग शिपायांना हातकाम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत आली आणि आजही तिथे आहे. पण कैद भोगून आलेल्यांसाठी वेगळी अशी व्यवस्था नव्हती. ज्याचा हात किंवा पाय गेला त्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत होते. अडीच वर्षांच्या उपासमारीने आणि टायफसने खिळखिळ्या झालेल्या शरीराचे अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या कोष्टकात बसवणे कठीण होते.

आणि ज्या गावांकडे ते परतले ती गावे सोडून गेले होते तशी उरली नव्हती. १९१८ च्या पावसाळ्यात पाऊस फसला होता. जूनमध्ये मुंबई बंदरातून आत आलेली इन्फ्लुएन्झाची साथ, जिला मराठी मुलुखाने ‘मानमोडी’ म्हटले, सप्टेंबर-ऑक्टोबरात दख्खनच्या गावागावांत शिरली. मुंबई इलाख्यात काही महिन्यांत दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. तरुण, कर्ती माणसे अधिक. लाकडे पुरेनात, खांदेकरी मिळेनात अशी स्थिती होती. रास-अल-ऐनहून वाचून आलेल्या कित्येक शिपायांना घरी पोचल्यावर बायको, भाऊ किंवा आईबाप गेल्याचे कळले असणार. ज्यांच्यासाठी जगण्याचा आटापिटा केला तीच माणसे नसणे, हे या घरवापसीचे सर्वांत कठीण वास्तव होते.

घरच्यांच्या बाजूने प्रश्न याच्या उलट होता. ज्याची बातमी नाही त्याचे काय मानायचे? हिंदू धर्मशास्त्राने अशा माणसासाठी बरीच वर्षे वाट पाहायला सांगितली आहे, बहुधा बारा. त्यानंतर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन करायचे, याला पालाशविधी म्हणतात. तो केल्यावर माणूस परत आलाच तर त्याला जणू नव्याने जन्म घ्यावा लागे. जातकर्मापासूनचे संस्कार त्याच्यावर पुन्हा करायचे असे शास्त्र आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हीच मुदत सात वर्षे ठरवली. बेपत्ता माणसाच्या बायकोला या दोन मुदतींच्या मध्ये, कुंकू लावायचे की पुसायचे हे न कळता, दिवस काढावे लागत. शिपायाच्या कैदेचे वर्णन करणाऱ्या ग्रंथांत ही दुसरी कैद सहसा येत नाही. ती आली पाहिजे.

कूतच्या अनुभवाचा परिणाम कायद्यावर लगेच झाला असे म्हणता येत नाही. मोहिमेतल्या गैरव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ मध्ये आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला; पण त्या चौकशीचा रोख मोहिमेच्या आखणीवर आणि वैद्यकीय हेळसांडीवर होता. युद्धकैद्यांसाठी स्वतंत्र जिनिव्हा करार १९२९ मध्ये झाला आणि १९४९ मध्ये त्याची जागा अधिक काटेकोर तिसऱ्या कराराने घेतली. हेग कराराने कैद्यांना ‘तह झाल्यावर’ परत पाठवायला सांगितले होते. १९४९ च्या कराराच्या ११८ व्या कलमाने प्रत्यक्ष लढाई थांबताच विनाविलंब सोडण्याचे बंधन घातले. तहाची वाट पाहत माणसांना वर्षानुवर्षे अडकवून ठेवू नये हा त्यामागचा हेतू होता.

तरीही सुटकेला राजकारणाची गाठ राहतेच, हे १९७१ च्या युद्धाने भारतीय उपखंडात दाखवून दिले. लढाई १७ डिसेंबर १९७१ ला थांबली. भारताच्या ताब्यातले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक आणि नागरिक मात्र १९७३ च्या दिल्ली करारानंतर टप्प्याटप्प्याने परतले आणि हे काम एप्रिल १९७४ पर्यंत चालले. पाकिस्तानातले सहाशेच्या आसपास भारतीय कैदी १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून आले. त्यांच्यात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर होते, ज्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून अफगाण सीमेच्या तोंडापर्यंत मजल मारली होती. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे त्यांच्यात नव्हते. बेपत्ता झालेल्या ५४ जणांच्या यादीत त्यांचे नाव राहिले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, यांनी त्यांच्या शोधात दशके घालवली. १९८३ आणि २००७ मध्ये कुटुंबीयांच्या गटांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले. हाती काही लागले नाही. १९१८ मध्ये ‘माग लागला नाही’ या शब्दांत जे दुःख बसवले गेले, तेच इथे अधिक शिकलेल्या, कायदा जाणणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला पुन्हा आले.

स्मरणाचे काय झाले ते पाहताना आधी सैन्याच्या नोंदी येतात. ‘डिफेन्स ऑफ कूत-अल-अमारा’ हा युद्धसन्मान पलटणींना मिळाला. ज्याचा शेवट शरणागतीत झाला अशा लढ्यासाठी सन्मान देणे हा शिपायांच्या चिकाटीचा योग्य मान होता. ११७ व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. १९२२ च्या पुनर्रचनेत या तिन्ही पलटणी एका मराठा रेजिमेंटमध्ये आल्या. १०३ वी आज मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, ‘जंगी पलटण’, आहे.

दगडावरची नोंद मात्र असमान राहिली. अनातोलियात पुरलेल्या इंग्रज कैद्यांचे अवशेष गोळा करून बगदादच्या नॉर्थ गेट दफनभूमीत आणण्यात आले. मेसोपोटेमियात मेलेल्या पण ज्यांची थडगी नाहीत अशांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याजवळ माकिल येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे आणि त्यांत हिंदींची संख्या सर्वांत मोठी. पण तिथे इंग्रज शिपायापर्यंत प्रत्येकाचे नाव कोरले गेले, तर हिंदींपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावे आली. हवालदार, नाईक आणि शिपाई यांच्यासाठी पलटणीच्या नावाखाली केवळ एक आकडा लिहिला गेला. हा निर्णय चुकीचा होता. मृत्यूत सर्वांना समान वागवण्याचे जे तत्त्व साम्राज्याच्या युद्धस्मारक आयोगाने (आजच्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने) स्वतःच जाहीर केले होते, ते इथे मोडले. २०२१ मध्ये आयोगाने नेमलेल्या समितीने हे धोरण भेदभावाचे होते असे मान्य केले आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत क्षमा मागितली. स्मारक स्वतः १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले आहे.

महाराष्ट्रात या माणसांच्या खुणा गावांत आहेत. सातारा, रत्नागिरी आणि आसपासच्या जिल्ह्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या छोट्या संगमरवरी पाट्या दिसतात: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. अपशिंगे मिलिटरी या सातारा जिल्ह्यातल्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि त्यांची आठवण तिथे आजही जपली जाते. पण बहुतेक पाट्यांवर नावे नाहीत, आणि परत आलेल्या कैद्यांचा उल्लेख तर कुठेच नाही. ‘गेले’ आणि ‘मेले’ या दोन आकड्यांच्या वजाबाकीत ते दडलेले आहेत.

नावे शोधायची झाल्यास वाट आहे. बसरा स्मारकावर जी कोरली गेली नाहीत त्यांतली पुष्कळ नावे स्मारकाच्या छापील नोंदवहीत होती आणि आता ती राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. एका शिपायाची नोंद दोन-तीन ओळींची असते: पलटणीतला क्रमांक, हुद्दा, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा. गावांची नावे इंग्रज कारकुनांनी ऐकून लिहिल्यामुळे मोडलेली आहेत. ती ओळखायला त्या मुलुखाचा माणूसच लागतो. पलटणींच्या नोंदी, निवृत्तिवेतनाचे कागद, गावच्या पाट्या आणि घराघरांत पेटीच्या तळाशी पडलेली पदके या सर्वांची त्या ओळींशी सांगड घातली तर कूतला गेलेल्या अनेक माणसांचा माग अजूनही लागू शकतो. पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. १०३, ११० किंवा ११७ हे आकडे तिथे दिसले की शोध तिथून सुरू करता येतो.